चिलटाचं घड्याळ आणि मामाचं जागरण



‘डायनोसॉर परत येतील का?’ आणि ‘विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक का बसत नाही?’ हे प्रश्न तर या सदरासाठी नेहमीचेच. पण या वेळी एक वेगळंच पत्र आलंय. नववीतल्या एका मुलीचं. ‘नाव, गाव छापू नका’ असं तिनं वर लाल शाईनं लिहिलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते:

‘माझ्या मामाला बायपोलर नावाचा आजार आहे. एरवी तो अगदी छान असतो, मला गणित शिकवतो. पण दोन वर्षांपूर्वी गणपतीची आरास करायला तो लागोपाठ तीन रात्री जागला आणि मग थांबेचना. भराभर बोलायचा, झोपायचाच नाही, उधारीवर सहा मिक्सर घेऊन आला. त्यानंतर दोन महिने अंथरुणातून उठत नव्हता. आता गोळ्या घेतो. डॉक्टरांनी बजावलंय, गोळी चुकवायची नाही आणि जागरण करायचं नाही. आजी म्हणते, झोपेचा आणि डोक्याचा काय संबंध? मावशी म्हणते, सगळी नाटकं आहेत. आणि मला विचारायचंय, हे आमच्या घराण्यातच आहे का? मलाही होईल का?’

पत्र वाचून दोन दिवस मी दुसरं काही लिहू शकलो नाही. या प्रश्नांना आजवर शास्त्राला जेवढं उत्तर सापडलंय, तेवढं सांगतो. सुरुवात आजीच्या प्रश्नापासून करू या. आणि त्या उत्तराची सुरुवात होते एका चिलटापासून!

हसू नका. जास्त पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी चिलटं तुम्ही पाहिली आहेत ना? शास्त्रज्ञ त्यांना फळमाशी म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला, म्हणजे ‘दव आवडणारी’. नाव अगदी शोभतं, बरं का! ही माशी कोशातून बाहेर पडते ती पहाटेच्या सुमाराला, हवेत ओलावा असताना. भर दुपारी बाहेर आली तर पंख नीट उलगडायच्या आतच वाळायचे. आता गंमत अशी, की उजेड-अंधाराची सवय झालेले हे कोश नंतर कायम अंधारात ठेवले, तरी माशा बाहेर पडतात त्या साधारण चोवीस तासांच्या हिशेबानंच. बाहेर पहाट झाली की नाही, हे त्यांना कोण सांगतं? कुणीच नाही. घड्याळ त्यांच्या आतच असतं.

असं घड्याळ वनस्पतींतही असतं. फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या शास्त्रज्ञानं १७२९ साली लाजाळूचं रोप अंधारात ठेवून पाहिलं होतं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. पण हे घड्याळ नेमकं कशाचं बनलंय, हे पुढची अडीचशे वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

मग आलं १९७१ साल. अमेरिकेत पॅसाडीना इथल्या कॅलटेक या संस्थेत सीमोर बेंझर हे प्राध्यापक आणि रोनाल्ड कोनोप्का हा त्यांचा विद्यार्थी फळमाशांवर काम करत होते. जनुकांमध्ये बदल घडवणारं एक रसायन कोनोप्कानं माशांना खाऊ घातलं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या कोशातून केव्हा बाहेर पडतात, ते तो तपासत बसला. किती कंटाळवाणं काम! पण त्यातून तीन विचित्र वाण हाती लागले. एका वाणाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा आणि तिसऱ्याला दिवस-रात्रीचा पत्ताच नाही, केव्हाही उठायचं आणि केव्हाही झोपायचं. आणि या तिन्हींमधला बिघाड एकाच जनुकात होता! त्या जनुकाला त्यांनी नाव दिलं ‘पिरियड’. एवढ्याशा एका जनुकानं प्राण्याचं वागणं बदलतं, हे त्या वेळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्याही पचनी पडेना.

१९८४ साली जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात, आणि मायकेल यंग यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, हे जनुक वेगळं काढलं. पुढे त्याचं काम उलगडलं, आणि २०१७ सालचं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. (कोनोप्का २०१५ साली आणि बेंझर २००७ साली वारले. नोबेल हयात माणसालाच देतात. मला हा नियम कधीच आवडला नाही.)

हे घड्याळ चालतं कसं? समजा, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि खाली एक आळशी वॉचमन. तो पंप सुरू करून खुर्चीत डुलक्या घेतो. टाकी भरते, भरभरून वाहते, लोक ओरडतात, तेव्हा कुठे तो उठून पंप बंद करतो. मग नळाचं पाणी वापरून वापरून टाकी रिकामी होते. पुन्हा आरडाओरडा! पुन्हा तो डोळे चोळत उठतो आणि पंप सुरू करतो. वॉचमन चपळ असता तर टाकीतलं पाणी कायम एका पातळीवर राहिलं असतं. तो उशीर करतो म्हणूनच टाकी ठरावीक वेळानं भरते आणि रिकामी होते.

पेशीत असंच चालतं. पिरियड जनुक हा पंप. तो ‘पर’ नावाचं प्रथिन तयार करायला लावतो. हे प्रथिन रात्रभर साचत जातं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि स्वतःच्याच जनुकाला बंद करतं. मग हळूहळू प्रथिन मोडून नाहीसं झालं, की जनुक पुन्हा सुरू. या एका फेरीला लागतात सुमारे चोवीस तास. प्रथिन भराभर मोडलं तर दिवस छोटा, रेंगाळलं तर दिवस मोठा. झालं घड्याळ! ना काटे, ना सेल.

‘पण हे माशीचं झालं. मामाचं काय?’ तिकडेच चाललोय.

माणसाकडेही याच घराण्यातली जनुकं आहेत. पर-एक, पर-दोन, पर-तीन, क्लॉक, क्राय आणि आणखी काही. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ही घड्याळं टिकटिकत असतात. यकृतात, हृदयात, कातडीत. त्या सगळ्यांना एका वेळेत ठेवणारं मुख्य घड्याळ मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथं एकमेकींना छेदतात, तिथंच वर, सुमारे २०,००० पेशींचा एक ठिपका. डोळ्यांत उजेड शिरला की या ठिपक्याला कळतं, सकाळ झाली. मग तो बाकीच्यांना कळवतो. शरीराचं तापमान कधी उतरायचं, झोप कधी यायची, भूक कधी लागायची, सगळा कारभार त्याच्या हुकमानं.

माणसाच्या जनुकात बदल झाला तर काय होतं? अमेरिकेतल्या युटा राज्यात काही कुटुंबं सापडली. त्यांतली बरीच माणसं संध्याकाळी साडेसात वाजता पेंगायला लागायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी! लोक त्यांना विक्षिप्त समजायचे. १९९९ साली डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली, आणि २००१ साली त्यांतल्या एका कुटुंबात कारण सापडलं. पर-दोन या जनुकात एकच अक्षर बदललेलं होतं. लक्षात घ्या, ही माणसं मनोरुग्ण नव्हती. फक्त त्यांचं घड्याळ पुढे होतं. पण २०१६ साली दुसऱ्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पर-तीन या जनुकात बदल होते. ही माणसं लवकर झोपायची, लवकर उठायची आणि हिवाळ्यात दिवस लहान झाला की उदास व्हायची. एकच जनुक, आणि त्याचा धागा झोपेशीही जुळलेला अन् मनाशीही!

आता उंदीर. १९९४ साली जोसेफ ताकाहाशी यांच्या गटानं शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एक उंदीर शोधून काढला. अंधारात ठेवलं की त्याचा दिवस लांबत जाई आणि शेवटी लयच मोडे. त्याच्यात बिघडलेल्या जनुकाचं नाव ‘क्लॉक’. २००७ साली टेक्सासमधल्या डॅलस इथं कॉलीन मॅक्लंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीच्या उंदरांचं वागणं नीट पाहिलं. हे उंदीर सारखे धावपळ करत. झोप कमी. साधा उंदीर उजेडातल्या उघड्या जागेत जायला घाबरतो, हे बिनधास्त जात. साखरेच्या पाण्यावर तर तुटूनच पडत. बायपोलरमध्ये जो चढाचा काळ असतो, ज्याला डॉक्टर उन्माद म्हणतात, त्याची आठवण व्हावी असं हे सगळं. मग त्यांना लिथियम दिलं. आणि यातलं बरंचसं वागणं साध्या उंदरांसारखं झालं!

उंदराला बायपोलर झाला, असं मात्र म्हणू नका हं. मनात काय चाललंय ते उंदीर सांगू शकत नाही. त्यानं उधारीवर मिक्सरही आणलेले नाहीत. पण एक घड्याळाचं जनुक बिघडलं आणि मनाचा तोल ढळावा तसं वागणं दिसलं, एवढं तर खरं.

आणि लिथियम म्हणजे तेच बरं का, मोबाइलच्या बॅटरीत असतं ते! त्याचे क्षार औषध म्हणून देतात. मामाच्या गोळीचं नाव पत्रात नाही, आणि ते मला कळायचं कारणही नाही. पण या आजारावर आज वापरात असलेल्या औषधांत सगळ्यांत जुनं हेच. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या एका इस्पितळात जॉन केड या डॉक्टरांनी आधी गिनिपिगांना लिथियम टोचून पाहिलं, तर ते शांत झाले. मग उन्मादाच्या दहा रुग्णांना त्यांनी ते दिलं आणि १९४९ साली निष्कर्ष छापले. ते कसं काम करतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आजही सगळं उलगडलेलं नाही. पण पुढे एक धागा सापडला. लिथियम दिलं की वनस्पतींमध्ये, प्राण्यांमध्ये आणि पेशींमध्येसुद्धा आतलं घड्याळ संथ होतं, दिवस थोडा लांबतो. घड्याळाच्या चक्रांना हात घालणाऱ्या एका प्रथिनाला ते आवरतं. (हे औषध जरा जास्त झालं तरी विषारी ठरतं. म्हणून ते घेणाऱ्यांचं रक्त वरचेवर तपासतात आणि डोस डॉक्टरच ठरवतात.)

माणसांच्या मेंदूतही काही पुरावा मिळालाय. काही माणसं मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी दान करतात. २०१३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी असे मेंदू तपासले. ५५ निरोगी माणसांचे आणि तीव्र नैराश्याचा आजार असलेल्या ३४ माणसांचे. निरोगी मेंदूंतली जनुकं पाहून ते माणूस दिवसाच्या कोणत्या वेळी गेला, हे बऱ्यापैकी सांगता येत होतं. जणू घड्याळ त्या क्षणी थांबलं होतं! पण नैराश्य असलेल्यांच्या मेंदूंत ही लय पुसट झालेली होती. कुणाची वेळ धड लागत नव्हती. लय बिघडली म्हणून नैराश्य आलं, की नैराश्यामुळे झोप बिघडून लय गेली? या अभ्यासावरून तसं ठरवता येत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढत असाव्यात, असं मला वाटतं.

आता मामाच्या जागरणाकडे या. झोप तुटली की बायपोलरचा चढ सुरू होऊ शकतो, हे थॉमस वेर या अमेरिकन डॉक्टरांनी १९८७ सालीच लिहून ठेवलं होतं. जागरण, लग्नघरची धावपळ, रात्रपाळी, लांबचा विमानप्रवास, काहीही निमित्त पुरतं. याच डॉक्टरांच्या गटानं १९९८ साली एका रुग्णाची हकिगत छापली. त्याचे चढ-उतार फार झपाट्यानं व्हायचे. त्याला रोज रात्री १४ तास अंधारात, अंथरुणावर विश्रांती घ्यायला लावली, पुढे ते तास हळूहळू कमी केले. त्याची झोप ठरावीक वेळेला यायला लागली आणि मनही स्थिर झालं. म्हणजे, आजींना सांग, संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. मामाचे डॉक्टर जागरणाला मनाई करतात, तो औषधाचाच अर्धा भाग समजा. मावशीलाही हे पान वाचायला दे. ज्याच्या मेंदूतली लय कोलमडलीय त्याला ‘नाटकं’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला ‘उगाच गरम होतोयस’ म्हणण्यासारखं आहे.

राहिला तुझा प्रश्न. मलाही होईल का?

हा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो, हे खरं. पण तो युटाच्या कुटुंबासारखा एका अक्षराच्या चुकीनं येत नाही. मध्यंतरी ‘बायपोलरचं जनुक सापडलं’ अशा बातम्या वरचेवर यायच्या, त्यांत घड्याळाची जनुकंही असायची. नंतर हजारो माणसांचे मोठे अभ्यास झाले आणि त्यांतले बरेच दावे टिकले नाहीत. आज दिसतं ते असं, की असंख्य जनुकांमधले छोटे छोटे फरक प्रत्येकी चिमूटभर धोका वाढवतात, आणि त्यात झोप, ताण, आयुष्यातले प्रसंग यांची भर पडते. अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांतही एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. आई, वडील किंवा सख्खं भावंड यांपैकी कुणाला असेल, तर शंभरांत साधारण पाच ते दहा जणांना होतो. म्हणजे नव्वद किंवा त्याहून जास्त जणांना होत नाही! मामा हे नातं तर त्याहून एक पायरी दूरचं. तेव्हा, पोरी, रात्री हा विचार करत जागी राहू नकोस. तुझा मामा तुला गणित शिकवतो, त्याच्याशी मोकळेपणानं बोल. आजाराबद्दल विचारलंस तर तो रागावेल असं मला तरी वाटत नाही.

आईबाबांसाठीही चार ओळी. मुलगा किंवा मुलगी वयात आली की आतलं घड्याळ आपोआप उशिराकडे सरकतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्कॅडन यांनी हे वर्षानुवर्षं मोजून दाखवलंय. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांच्या २००४ सालच्या अभ्यासात तर असं दिसलं, की हे सरकणं मुलींमध्ये साडेएकोणिसाव्या आणि मुलग्यांमध्ये साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत चालू राहतं आणि मग उलटं फिरतं. तेव्हा दहावीतलं पोर रात्री अकराला टक्क जागं आणि सकाळी सहाला मेल्यासारखं झोपलेलं दिसलं, की लगेच ‘आळशी’ म्हणू नका. महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं झालं. पण घड्याळ उशिराकडे सरकतं ते चौथीनंतर! सात वाजताच्या वर्गात खरे पेंगतात ते मोठे विद्यार्थी, आणि त्यांचा विचार अजून व्हायचाय.

मात्र, घड्याळ मागे आहे म्हणून त्याला आणखी मागे ढकलायची गरज नाही. रात्रीचा उजेड, मग तो दिव्याचा असो वा मोबाइलचा, घड्याळाला उशिराकडे नेतो. सकाळचा उजेड त्याला पुढे आणतो. आणि एक फरक ओळखा. सुट्टीत उशिरापर्यंत लोळणं वेगळं. पण लागोपाठ कित्येक रात्री झोप जवळजवळ नाही तरी थकवाही नाही, बोलणं-धावणं आवरत नाही, किंवा दोनेक आठवडे सगळंच नकोसं वाटतंय, जगणंसुद्धा, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. भारत सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेला १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट फोन करता येतो, मराठीतही बोलतात. मुलांनी स्वतः केला तरी चालतो.

आता नेहमीप्रमाणे तुमच्यासाठी एक काम. सुट्टी लागली, की आठवडाभर गजर न लावता झोपा. किती वाजता डोळा लागला आणि किती वाजता आपोआप जाग आली, ते वहीत लिहा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ काढा. आजोबा रात्री दहाला झोपून पाचला उठत असतील तर त्यांची मधली वेळ दीड. तुम्ही एकला झोपून नऊला उठलात तर तुमची पाच. रोनेबर्ग हीच वेळ मोजतात. घरातल्या सगळ्यांची मोजा, शेजारच्या कॉलेजातल्या ताईचीही मोजा. समोर वय लिहा, आलेख काढा आणि पाठवून द्या. तेवढी इयत्ता लिहायला विसरू नका.